इटालियन क्रियापदं : रूप बदलतं ते ठोक्यामुळे

पोकाठी
इटलीत तोरिनोला राहायला आले त्याला आता चार वर्षं होतील. पहिल्याच महिन्यात पोर्ता पालात्सोच्या बाजारात टोमॅटोचा भाव विचारायला गेले होते. वाक्य घरून पाठ करून नेलं होतं, 'क्वान्तो कोस्तानो?' म्हणजे 'कितीला आहेत?' शब्द बरोबर होते, रूपही बरोबर होतं. पण भाजीवाल्या आजींनी कपाळाला आठ्या घालून दोनदा 'कोमे?' विचारलं. मी जोर 'स्ता'वर देत होते. शेवटी त्यांनीच टोमॅटोकडे बोट करून शब्द म्हणून दाखवला. जोर पहिल्या 'को'वर, आणि पुढची दोन अक्षरं उतारावरून घरंगळल्यासारखी.

त्या रात्री वही उघडून बघितली. सगळ्या काळांचे तक्ते होते, सगळे प्रत्यय होते, पण आघात कुठे पडतो याची खूण एकाही रूपावर नव्हती. मग सगळी वही पुन्हा लिहून काढली, प्रत्येक रूपावर खूण करत. ते करताना लक्षात आलं की जी रूपं मी 'अनियमित' म्हणून वेगळी घोकत होते, त्यातली बरीचशी आघात सरकल्यामुळे तशी झालेली आहेत. इटालियन शिकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ते इथे मांडते आहे.

खुणेबद्दल आधी सांगते. आघात असलेल्या अक्षराच्या आधी ' अशी खूण करते. 'अक्षर' म्हणजे इथे छापलेलं नव्हे, तोंडातून एका झटक्यात बाहेर पडणारा तुकडा.

तुकडे पाडणं सोपं आहे. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: आ-'मा-रे (प्रेम करणे). तेच व्यंजन दोनदा आलं तर ते फुटतं, अर्धं मागे आणि अर्धं पुढे: 'मेत्-ते-रे (ठेवणे). र, ल, म, न यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तर ते मागेच राहतात: पार-'ला-रे (बोलणे), कान-'ता-रे (गाणे). 'स' मात्र पुढच्या व्यंजनाला घेऊन पुढे जातो: रे-'स्ता-रे (राहणे, उरणे). 'प्र', 'त्र', 'क्ल' अशा जोड्या फुटत नाहीत: आ-'प्री-रे (उघडणे). आणि लिहिताना दिसणारा 'इ' बऱ्याचदा उच्चारात नसतोच, तो फक्त आधीच्या 'ग'चा 'ज' किंवा 'क'चा 'च' करायला असतो. 'जेवणे'साठीचा शब्द मान-'जा-रे, तीनच अक्षरं. बारामतीत ज्या कंपनीच्या रिक्षा तयार होतात तिचं नाव आपण 'पियाजिओ' म्हणतो, तसं म्हटलं तर चार अक्षरं होतात. इथे ते 'प्याज्-जो, दोनच.

आता वर्तमानकाळ. 'मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते' या क्रमाने: 'पार-लो, 'पार-ली, 'पार-ला, पार-'ल्या-मो, पार-'ला-ते, 'पार-ला-नो. एकवचनाच्या तिन्ही रूपांत आघात धातूवर. 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये तो प्रत्ययावर सरकतो. 'ते'मध्ये पुन्हा धातूवर. माझं 'कोस्तानो' फसलं ते इथेच. आघात सहसा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर असतो हे ऐकलेलं असतं, म्हणून आपण 'ते'च्या रूपातही तो तिथेच टाकतो. पण ते रूप एकवचनाला 'नो' चिकटून झालं आहे असं मनात धरा, आघात जागचा हलत नाही. 'राहणे'चं 'तो'चं रूप 'आ-बी-ता आहे, म्हणून 'ते राहतात' म्हणजे 'आ-बी-ता-नो, शेवटून चौथ्यावर. 'ते फोन करतात' म्हणजे ते-'ले-फो-ना-नो.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. प्रश्न जरूर विचारा.

नवशिका
ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी पुण्यात शिकतोय, पुढच्या वर्षी मिलानला मास्टर्सला जायचं आहे. मूळ रूपांबद्दल विचारतो. 'आरे' आणि 'ईरे' वाल्या क्रियापदांत आघात त्या 'आ'वर आणि 'ई'वर, हे कळलं. पण 'एरे' वाल्यांचं काही समजत नाही. 'पाहणे' वे-'दे-रे आणि 'विकणे' 'वेन-दे-रे. लिहिताना शेवट एकसारखाच आहे. ओळखायचं कसं?

पोकाठी
नुसतं वाचून ओळखता येत नाही. इटालियनमध्ये आघाताची खूण लिहिणं फक्त तो शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हाच सक्तीचं आहे. बाकी ठिकाणी कोशात बघायचं किंवा ऐकायचं. बहुसंख्य 'एरे' क्रियापदं 'वेन-दे-रे सारखी आहेत: 'प्रेन-दे-रे (घेणे), 'लेज्-जे-रे (वाचणे), 'स्क्री-वे-रे (लिहिणे). वे-'दे-रे सारखी थोडी आहेत पण रोजच्या वापरातली: आ-'वे-रे (असणे, जवळ असणे), सा-'पे-रे (माहीत असणे), पो-'ते-रे (शकणे), दो-'वे-रे (लागणे, करावं लागणे), ते-'ने-रे (धरणे). ही थोडी पाठ करा, बाकी सगळी दुसऱ्या गटातली धरून चाला.

अनुष्टुभ
मी इटालियन शिकलेलो नाही, पण संस्कृत शिकवलं आहे आणि लॅटिन हौसेने थोडं वाचलं आहे. नवशिका यांच्या प्रश्नाचं उत्तर लॅटिनमध्ये आहे, आणि ते आपल्याला परकं वाटू नये असं आहे.

लॅटिनचा नियम असा की उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. गुरू म्हणजे दीर्घ स्वराचं, किंवा व्यंजनाने बंद झालेलं. आपण वृत्त लावताना जोडाक्षराच्या मागचं अक्षर गुरू धरतो, तेच तत्त्व. लॅटिनमध्ये 'विदेरे'तला 'दे' दीर्घ होता, म्हणून आघात त्यावर. 'वेन्देरे'तला 'दे' ऱ्हस्व, म्हणून आघात मागे 'वेन'वर. पुढे इटालियनमध्ये स्वरांचं हे दीर्घ-ऱ्हस्वपण मावळलं, पण आघात जिथे होता तिथेच राहिला. काही शब्द या गटातून त्या गटात गेलेही. 'सापेरे'तला 'पे' लॅटिनमध्ये ऱ्हस्व होता आणि 'हसणे'साठीच्या 'रीदेरे'तला 'दे' दीर्घ होता. आज इटालियनमध्ये दोन्ही उलटे आहेत, सा-'पे-रे आणि 'री-दे-रे. पण नियम बहुतेकांना लागू पडतो.

आणखी एक सांगावंसं वाटतं. देवनागरीत आपण 'मेत्तेरे' लिहितो तेव्हा 'त्त' डोळ्यांना दुसऱ्या अक्षरात दिसतो. गण पाडताना मात्र त्याचा भार मागच्या 'मे'वर टाकतो. इटालियन माणूस तेच कागदावर फोडून दाखवतो: मेत्-ते-रे. वृत्तांचा सराव असलेल्या मराठी माणसाच्या कानाला हे आधीच ठाऊक आहे.

मांडवीतीर
अनुष्टुभजी, तुमच्या प्रतिसादाने माझं एक जुनं कोडं सुटलं. आमच्या घरी आजीमुळे पोर्तुगीज कानावर असायची. इटालियन शिकायला लागले तेव्हा माझ्या तोंडून सारखं प्रेन-'दे-रे, वेन-'दे-रे यायचं आणि बाई दर वेळी दुरुस्त करायच्या. पोर्तुगीजमध्ये 'व्हेंदेर', 'कोर्रेर', 'इश्क्रेव्हेर', सगळ्यांचा आघात शेवटच्या अक्षरावर. लॅटिनचे ते दोन गट पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये एकजीव झाले आणि सगळा आघात प्रत्ययावर गेला. इटालियनने भेद जपला. म्हणजे माझ्या तोंडून येत होती ती आजीची पोर्तुगीज!

ज्यांना पोर्तुगीज येते त्यांनी इथे विशेष जपावं. शब्द ओळखीचा वाटतो, त्यामुळे चूक कानाला खटकत नाही.

परतीचा_प्रवासी
मी ब्रेशाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम केलं. वर्ग नाही, पुस्तक नाही. सोबतच्यांशी बोलत बोलत शिकलो आणि लोकांना माझं बोलणं समजायचं. मला प्रामाणिकपणे वाटतं की इतके नियम डोक्यात ठेवले तर माणूस तोंड उघडायलाच घाबरेल. पोरांना कोण शिकवतं आघात?

पण एक मान्य करतो. 'का-पी-तो, का-'पी-तो, का-पी-'तो. पहिला म्हणजे 'मी सहज येऊन टपकतो', दुसरा 'समजलं', तिसरा 'घडलं'. फोरमन दिवसातून वीस वेळा विचारायचा, 'का-'पी-तो?' तो शब्द मी चुकीचा म्हणूच शकलो नसतो, इतक्या वेळा ऐकला.

पोकाठी
तुमचं म्हणणं मला पटतं, आणि ते या धाग्याच्या विरुद्ध नाही. तुम्ही कानाने शिकलात, म्हणून आघात शब्दासोबतच आला. ज्यांना घरी बसून पुस्तकावरून शिकावं लागतं त्यांच्यापर्यंत नेमकी तीच गोष्ट पोचत नाही. त्यांनी खुणा कराव्यात, एवढंच माझं सांगणं आहे.

तुमच्या तिकडीसारखीच अजून एक: 'पेर-दो-नो म्हणजे 'ते हरतात' किंवा 'ते गमावतात', पेर-'दो-नो म्हणजे 'मी क्षमा करतो', पेर-दो-'नो म्हणजे 'त्याने क्षमा केली'. यातल्या फक्त तिसऱ्यावर खूण लिहितात. आणि 'का-पी-ता-नो म्हणजे 'घडतात', पण का-पी-'ता-नो म्हणजे कप्तान.

आता मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारा भाग. 'धरणे'ची रूपं बघा: 'तेन-गो, 'त्ये-नी, 'त्ये-ने, ते-'न्या-मो, ते-'ने-ते, 'तेन-गो-नो. कधी 'ते', कधी 'त्ये'. पुस्तकात याच्यापुढे 'अनियमित' लिहिलेलं असतं. पण लॅटिनमधला ऱ्हस्व 'ए' दोन अटी पुऱ्या झाल्या की मध्य इटलीतल्या तोस्कानाच्या बोलीत 'ये' झाला. त्यावर आघात हवा, आणि ते अक्षर उघडं हवं, म्हणजे स्वरावर संपणारं. 'त्ये-नी'त दोन्ही आहेत. 'तेन-गो'त आघात आहे पण अक्षर 'न'ने बंद झालं आहे. ते-'न्या-मोत अक्षर उघडं आहे पण आघात पुढे सरकला आहे. तुकडे नीट पाडले आणि आघात बरोबर ठेवला की सहाही रूपं सरळ दिसतात.

'ओ'चंही तसंच, तो 'वो' होतो: 'म्वो-रे (मरतो), पण मो-'र्या-मो (आम्ही मरतो). 'बसणे'चं 'स्ये-दो (मी बसतो), पण से-'द्या-मो. आणि 'झोपणे'चं 'दोर-मो कधीच 'द्वोरमो' होत नाही, कारण 'दोर' बंद आहे. 'सेन-तो (मला जाणवतं, ऐकू येतं) यातही 'सेन' बंद, म्हणून बदल नाही.

अनुष्टुभ
'मोरीरे' आणि आपलं 'मरणे', 'सेदेरे' आणि संस्कृतातला 'सद्' धातू, हे एकाच कुळातले. इतक्या लांबच्या नातेवाइकांच्या रूपांत आपल्यासारखेच लघु-गुरू दिसले की मला फार आनंद होतो.

उपान्त्य
मी मुद्रितशोधनाचं काम करतो. पोकाठी यांचा वरचा प्रतिसाद वाचून रोज हाताखालून जाणारे शब्द आठवले. फूल, पण फुलाला. पूल, पण पुलावर. पीठ, पण पिठात. बहीण, पण बहिणीला. पुढे प्रत्यय आला की आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, पण शब्दाचा भार पुढे सरकला की मागचा स्वर हलका होतो, हे आपल्याकडेही आहे. माणूस–माणसाला, कापूस–कापसाचा, यांत तर तो स्वर पार निघूनच जातो. इटालियनमध्ये असा स्वर गळतो का?

पोकाठी
उपान्त्य, गळतो, आणि तो भविष्यकाळात. हा काळ मुळात क्रियापदाचं मूळ रूप अधिक 'जवळ असणे' असा जोडून झाला. 'बोलणे आहे मला' यासारखं काहीतरी. लॅटिनमध्ये दोन सुटे शब्द होते, ते चिकटले आणि आघात दुसऱ्या शब्दावर गेला: पार-ले-'रो (मी बोलेन). मूळ 'पारलारे'तल्या 'ला'वरचा आघात निघून गेला, तो 'आ' फिका पडला आणि फिरेंझेच्या (फ्लॉरेन्सच्या) बोलीत 'ए' झाला. म्हणून 'पारलारो' नाही, 'पारलेरो'. आणि जिथे तो स्वर आणखी दुबळा झाला तिथे गळालाच: वे-'दे-रे पासून वे-'द्रो (मी पाहीन), आ-'वे-रे पासून आ-'व्रो, पो-'ते-रे पासून पो-'त्रो. तुमचा 'माणूस–माणसाला' मी आजपासून शिकवताना वापरणार. माझ्या भाचीला ऑनलाइन शिकवते, तिला हे एका क्षणात कळेल.

'बाहेर पडणे'चंही या ओघात सांगते. 'ए-स्को, 'ए-शी, 'ए-शे, उ-'शा-मो, उ-'शी-ते, 'ए-स्को-नो. आघात असताना 'ए' टिकला. आघात नसलेल्या ठिकाणी तो डळमळीत झाला आणि 'दार' या अर्थाच्या 'ऊशो' शब्दाच्या ओढीने 'उ' झाला. बाहेर पडायचं ते दारातूनच, त्यामुळे ही ओढ समजण्यासारखी आहे.

परतीचा_प्रवासी
मग 'वाजवणे'चं काय? 'स्वो-नो म्हणतात आणि आम्ही वाजवतो म्हणजे स्वो-'न्या-मो. आघात सरकला तरी 'स्वो' तसाच. मी तरी 'सोन्यामो' कधी ऐकलं नाही.

पोकाठी
बरोबर पकडलंत. पूर्वी सो-'न्या-मो असंच होतं. पुढे बोलणाऱ्यांनी सगळी रूपं एकसारखी करून टाकली. 'पोहणे'च्या न्वो-'ता-रेतही तसंच झालं. 'हलवणे'च्या म्वो-'व्या-मोत आज तेच चालतं, जुन्या लिखाणात मो-'व्या-मो दिसतं. सतत वापरातल्या 'धरणे', 'येणे', 'शकणे' यांनी मात्र जुनी अदलाबदल सोडली नाही.

सूरसाधना
मी पाश्चात्त्य गायन शिकते. आमच्याकडे इटालियन 'समजण्या'च्या आधी 'म्हणायची' असते, त्यामुळे मला हा धागा फार जवळचा वाटला. आघाताचं अक्षर सहसा तालाच्या ठोक्यावर येतं. आणि त्यात एक बारकावा आहे. आघाताचं अक्षर उघडं असेल तर स्वर आपोआप लांबतो, बंद असेल तर स्वर आखूड राहून व्यंजन रेंगाळतं. 'का-दे म्हणजे 'पडतो', 'काद्-दे म्हणजे 'पडला'. 'बे-वे म्हणजे 'पितो', 'बेव्-वे म्हणजे 'प्याला'. आघात दोन्हींत पहिल्याच अक्षरावर, पण व्यंजन धरलं नाही तर काळच बदलतो. सुरुवातीला मी सगळीकडे स्वर ताणत असे, तर गुरूंनी एक अख्खा तास फक्त जोडव्यंजनं म्हणून घेतली.

इटालियन कवितेतलं अकरा अक्षरांचं वृत्तही असंच कानाने चालतं. नाव 'अकरा'चं, पण खरी अट ही की शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर पडला पाहिजे. ओळ पार-ले-'रो सारख्या शब्दाने संपली तर अक्षरं दहाच भरतात, 'पार-ला-नो सारख्याने संपली तर बारा, आणि तिन्ही ओळी त्याच वृत्तातल्या मानतात.

मांडवीतीर
भूतकाळाचंही कोणीतरी सांगा ना. 'स्क्रीस्सी' आणि 'स्क्रीवेस्ती' यांचा मेळ मला लागत नाही.

पोकाठी
सूरसाधना यांनी दाखवलेला 'काद्-दे' त्याच कुटुंबातला. 'लिहिणे' पूर्ण लिहिते: 'स्क्रीस्-सी, स्क्री-'वे-स्ती, 'स्क्रीस्-से, स्क्री-'वेम्-मो, स्क्री-'वे-स्ते, 'स्क्रीस्-से-रो. आघात धातूवर आहे तिथे धातू बदललेला दिसतो: मी, तो, ते. आघात प्रत्ययावर आहे तिथे धातू मूळचा: तू, आम्ही, तुम्ही. 'पाहणे'चंही तसंच, 'वी-दी पण वे-'दे-स्ती. नियमित क्रियापदांत सगळ्याच रूपांत आघात प्रत्ययावर असतो: पार-'ला-ई, पार-'लो, पार-'ला-रो-नो. एक 'मी'चं रूप पाठ केलं की बाकीची पाच आघाताच्या मागोमाग येतात. इकडे तोरिनोत रोजच्या बोलण्यात हा काळ जवळजवळ ऐकू येत नाही, लोक 'केलं आहे' या धर्तीचं रूप वापरतात. तोस्काना आणि दक्षिणेत तो बोलण्यातही आहे, आणि गोष्टी वाचायच्या तर त्याच्यावाचून पान उलटत नाही.

नवशिका
दोन दिवस वहीत खुणा करतोय. फी-'नी-स्को, फी-'नी-शी, फी-'नी-शे, मग फी-'न्या-मो, फी-'नी-ते, आणि फी-'नी-स्को-नो. 'संपवणे'. इथे आघात 'फी'वर कधीच येत नाही असं दिसतंय. मध्ये घुसलेला 'ईस्क' तो दर वेळी स्वतःकडे घेतो. बरोबर का?

पोकाठी
शंभर टक्के बरोबर. 'ईरे'तली बहुतेक क्रियापदं अशीच आहेत, का-'पी-स्को (मला समजतं) हे त्यातलंच. आणि 'आम्ही-तुम्ही'त आघात एरवीही प्रत्ययावर असतो, म्हणून तिथे 'ईस्क'ची गरजच पडत नाही. धातूवर आघात कधी येत नाही, म्हणून या क्रियापदांच्या धातूचा स्वरही कधी बदलत नाही. हे तुम्ही स्वतः शोधलंत याचा मला मनापासून आनंद झाला.

नवशिका
धन्यवाद ताई. शेवटची शंका. 'तू अभ्यास करतोस' यात शेवटी एकच 'इ' लिहितात आणि 'तू पाठवतोस' यात दोन. दोन्हींचं मूळ रूप लिहिताना 'इआरे'वरच संपतं. मग हा फरक कशासाठी?

पोकाठी
'मी'ची रूपं मोठ्याने म्हणून बघा. 'स्तु-द्यो: दोन अक्षरं, आघात 'स्तु'वर, 'इ' पुढच्या स्वरात विरघळलेला. इन-'वी-ओ: तीन अक्षरं, आघात त्या 'ई'वरच. जिथे 'ई'वर आघात आहे तिथे तो आपली जागा सोडत नाही, म्हणून 'तू'चा प्रत्यय आला की दोन होतात: इन-'वी-ई. जिथे नाही तिथे तो प्रत्ययात मिसळतो: 'स्तु-दी. आता तुम्ही सांगा. 'बर्फावर स्की करणे'चं 'मी'चं रूप 'शी-ओ आहे. मग 'तू'चं रूप लिहिताना शेवटी किती?

नवशिका
'शी-ई. दोन.

पोकाठी
दोन.